जन्म खाली, मृत्यू वर

आमच्या कार्यालयात जन्माची नोंद तळमजल्यावर होते आणि मृत्यूची पहिल्या मजल्यावर. यात कुणी काही अर्थ पाहिला असेल असं मला वाटत नाही. तान्ही मुलं कडेवर घेऊन जिना चढायला लोक कुरकुरतात, म्हणून जन्म खाली. गेलेल्यांचे नातेवाईक कुरकुरत नाहीत, निदान सुरुवातीला तरी, म्हणून मृत्यू वर.

माझं टेबल जिन्याखाली आहे. आवक-जावक. वर जाणारा माणूस माझ्या डोक्यावरून जातो आणि खाली येणारा माझ्या समोर उतरतो. त्यामुळे वायरबाई आणि त्यांच्या बहिणीचं जे काही झालं, त्यातलं निम्मं मी कानांनी ऐकलं. उरलेलं वायरबाईंनी नंतर याच टेबलाशी उभं राहून सांगितलं.

वायरबाई म्हणजे आमचे कॉम्प्युटर, प्रिंटर आणि त्यांना जोडणाऱ्या तारा सांभाळणाऱ्या बाई. त्यांचं खरं नाव सगळ्यांना माहीत होतं, वापरत कुणी नसे. गळ्यात कायम निळ्या केबलचं वेटोळं. मूळच्या टायपिस्ट. टाइपरायटर गेले तेव्हा बाकीच्या टायपिस्टांनी बदल्या मागितल्या. या मात्र कॉम्प्युटर बसवायला आलेल्या माणसांच्या मागे मागे फिरत राहिल्या आणि फिरता फिरता शिकल्या. बोलणं अगदी बेताचं. कुणी "प्रिंटर चालत नाही" म्हणालं की त्या आधी प्रिंटरकडे बघत, मग त्या माणसाकडे. बहुतेक वेळा कागद संपलेला असे. त्या काही न बोलता कागद भरत आणि निघून जात. लोकांच्या जिव्हारी लागायचं ते हे न बोलणं.

जन्म विभागाच्या प्रमुख या त्यांच्या सख्ख्या थोरल्या बहीण. नव्या माणसाला हे कळायला बरेच दिवस लागत. कार्यालयात सगळे त्यांना 'ताई' म्हणत. साहेब म्हणत, शिपाई म्हणे, मी म्हणतो. एवढ्या मोठ्या इमारतीत त्यांना 'मॅडम' म्हणणारी एकच व्यक्ती होती, ती म्हणजे त्यांची बहीण.

भांडण आईवरून झालं होतं. आई आधी वायरबाईंकडे राहायची. तिसऱ्या मजल्यावरचं घर. नवरा शाळेत चित्रकला शिकवणारा, गरीब स्वभावाचा, स्वयंपाकही तोच करायचा. मुलगी शिकायला बाहेरगावी. एके दिवशी वायरबाई कामावरून घरी आल्या तर आईच्या पलंगावरची गादी गुंडाळून ठेवलेली, औषधांचा डबा जाग्यावर नाही. शेजारणीने सांगितलं, दुपारी तुमच्या ताई टॅक्सी घेऊन आल्या होत्या, आईंना घेऊन गेल्या. वायरबाईंनी फोन केला. ताई म्हणाल्या, "आई आता माझ्याकडे राहील." वायरबाईंनी विचारलं, "मला न विचारता?" ताई म्हणाल्या, "हो." आणि फोन ठेवला.

त्यानंतर बोलणं बंद.

दोघी एकाच दाराने आत यायच्या, एकाच मशीनवर अंगठा लावायच्या. वायरबाई आईला भेटायच्या, पण ताई कामावर असताना. अर्धी रजा टाकायच्या, बहिणीच्या घरी जाऊन आईजवळ बसायच्या, चहा करून द्यायच्या, कप धुवायच्या आणि ताई घरी पोचायच्या आत निघायच्या. आई दोघींकडून एकमेकींची खुशाली विचारून घ्यायची. दोघी म्हणायच्या, "असेल बरी."

कामापुरतं बोलणं मात्र भाग होतं. त्यासाठी साहेबांनी कॉम्प्युटरवर तक्रार नोंदवायची सोय आणली, आणि तिचं सोनं केलं ते या दोघींनी. ताई लिहायच्या, "जन्म विभागातील प्रिंटर अपेक्षेप्रमाणे काम करीत नाही. कृपया आपण लक्ष घालावे." वायरबाई यायच्या, बघायच्या, काही न बोलता जायच्या आणि आपल्या खोलीतून उत्तर पाठवायच्या, "लक्ष घातले. कागद संपला होता." ताई लिहायच्या, "आभारी आहे." सख्ख्या बहिणींचा पत्रव्यवहार तो एवढाच.

मग नवे प्रिंटर आले. एकसारखे दोन, एक खाली आणि एक वर. बसवायला कंपनीचा माणूस आला होता. त्याला दुसरीकडे जायची घाई होती. खालचा त्याने वायरबाईंच्या समोर बसवला आणि वरचा त्या जेवायला गेल्या असताना. दोन्हींतून चाचणीचं पान निघालं, साहेबांनी सही दिली, माणूस गेला.

थोड्याच दिवसांनी तळमजल्यावर एक तरुण बाप मुलीचा दाखला घ्यायला आला. ताई रजेवर होत्या. खिडकीवरच्या कारकुनाने प्रिंटरमधून कागद काढला, शिक्का मारला आणि दिला. बाप दारापर्यंत गेला आणि परत आला.

"साहेब, हिचं वय अठ्ठ्याऐंशी लिहिलंय."

कारकुनाने कागद पाहिला. मुलगी बापाच्या खांद्यावर झोपलेली होती. "आणि मृत्यूचं कारण वृद्धापकाळ," बाप म्हणाला. कारकून म्हणाला, "वरच्या मजल्याचा आलाय चुकून." बाप म्हणाला, "ते कळलं मला."

दुसऱ्या दिवशी वर एका आजीबाईंच्या हातात कुणाच्या तरी मुलीच्या जन्माचा दाखला पडला. त्या नवऱ्याचा मृत्यूचा दाखला न्यायला आल्या होत्या. त्यांनी चष्मा लावून तो सगळा वाचला, वजन किती तेही वाचलं, आणि वरच्या बाबूंना म्हणाल्या, "हा छान आहे, पण आमचा नाही." वरचे बाबू म्हणजे मृत्यू विभाग एकट्याने चालवणारे गृहस्थ. त्या आजीबाई हसल्या याचाच त्यांना जास्त धक्का बसला. त्या खिडकीवर तोपर्यंत कुणी हसलं नव्हतं.

मग हे रोजचंच झालं. काही दिवस सगळं सुरळीत, मग एखाद्या दिवशी सगळे जन्म वर, तर एखाद्या दिवशी सगळे मृत्यू खाली. मधूनच दुपारी उलटापालट. शिपाई दोन्ही मजल्यांवर गठ्ठे नेऊन पोचवायचा. माझ्या डोक्यावरून जाताना ओरडायचा, "चार जन्म आणतोय हो!" साहेबांनी त्याला हळू बोलायला सांगितलं, कारण जिन्यावर कायम लोक असत.

ताईंनी तक्रार नोंदवली. वायरबाई कामाला लागल्या. छपाईच्या रांगेत अडकलेले कागद पुसून टाकले. कॉम्प्युटरमधलं प्रिंटरचं सॉफ्टवेअर काढून पुन्हा घातलं. केबल बदलली. प्रत्येक उपायानंतर एक-दोन दिवस सगळं ठीक चालायचं, आणि आता झालं असं वाटेपर्यंत कुणाच्या तरी बाळाला मरणाचं कारण लिहून यायचं. शेवटी वायरबाईंनी बसून विचार केला आणि उत्तर पाठवलं, "पडद्यावर दोन प्रिंटरांची नावे शेजारी शेजारी दिसतात. निवडताना दुसरे नाव दाबले जात आहे. वापरकर्त्याची चूक."

ताईंनी ते वाचलं. खिडकीवरचा कारकून म्हणाला, ताईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि ते पुन्हा वाचलं. मग लिहायला घेतलं, "चूक वापरकर्त्याची नाही. ज्या दिवशी वरचा प्रिंटर माझ्यानंतर सुरू होतो, त्या दिवशी माझे कागद वर जातात. ज्या दिवशी मी नंतर सुरू करते, त्या दिवशी वरचे खाली येतात. हे मी स्वतः पाहिले आहे. आपण वाचावे."

'आपण' वाचलं, पण मनावर घेतलं नाही. नंतर वायरबाई मला म्हणाल्या, "खोटं कशाला बोलू, मला हसू आलं. म्हटलं, कोण आधी उठलं आणि कोण नंतर, हे प्रिंटरला काय कळतंय? ताईचा स्वभावच तसा. लहानपणी रेडिओ खरखरला तरी म्हणायची, तू मध्ये उभी आहेस म्हणून."

पण एकदा वरचे बाबू उशिरा आले. त्यांनी प्रिंटर सुरू केला, अंगावरचा कोट काढून खुंटीला लावेपर्यंत त्यातून सहा जन्म बाहेर पडले. वायरबाई नेमक्या तिथेच उभ्या होत्या. त्या कागदांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी शिपायाला विचारलं, "खालचा प्रिंटर कधी सुरू झाला आज?" शिपाई म्हणाला, "ताई आल्या तेव्हाच, नेहमीसारखा."

त्या दिवशी खिडक्या बंद झाल्यावर त्यांनी ठरवलं की एकेक प्रिंटर बंद करून बघायचं. त्याला वर एक माणूस हवा आणि खाली एक. बाबू निघून गेले होते. खिडकीवरच्या कारकुनाच्या मुलाला ताप होता, तोही गेलेला. खाली एकट्या ताई उरल्या होत्या. शिपायाला सांगता आलं असतं, पण प्रिंटरला हात लावायचा नाही अशी सक्त ताकीद त्याला वायरबाईंनीच दिली होती.

मी निघायच्या तयारीत होतो. निघालो नाही.

वायरबाई वर लॅपटॉप घेऊन बसल्या आणि इमारतीतल्या फोनवरून खाली फोन लावला. फोनची खरं म्हणजे गरज नव्हती. दोघींचे आवाज जिन्यात स्पष्ट ऐकू येत होते.

"मॅडम, आपला प्रिंटर बंद करता का?"

"केला आहे."

"समोरच्या बटणाने?"

"हो."

"त्याने तो नुसता झोपतो. मागचं बटण दाबा."

थोडा वेळ गेला. "दाबलं आहे."

वायरबाई वरून खालच्या प्रिंटरच्या पत्त्यावर हाक मारून बघत होत्या. नेटवर्कवर प्रत्येक यंत्राला आकड्यांचा एक पत्ता असतो. त्या पत्त्यावर हाक मारली आणि यंत्र चालू असलं, तर ते ओ देतं. बंद यंत्र गप्प राहतं.

"मॅडम, आपण प्रिंटर बंद केलेला नाही."

"केलेला आहे."

"तो मला ओ देतोय."

"तो बंद आहे. दिवा गेलेला आहे."

"दिवा जाईल. पण तो चालू आहे. आपण कृपया मागचं बटण..."

"मी मागचं बटण दाबलं आहे, प्लग काढला आहे, वायर काढली आहे आणि ती वायर या क्षणी माझ्या हातात आहे."

शिपाई पाण्याचा जग घेऊन जिन्याच्या मध्यावर थबकला होता. मी त्याला खुणेनेच सांगितलं, हलू नकोस.

"ताई, खरंच वायर हातात आहे?"

"अगं हो, हातात आहे! तुझा माझ्यावर विश्वासच नाही कधी!"

"मग ओ कोण देतंय?"

"ते मला काय विचारतेस? तू शिकलीयस ना त्यातलं?"

वायरबाईंनी मान वळवली. शेजारी वरच्या मजल्याचा प्रिंटर हिरवा दिवा लावून बसला होता. त्यांनी त्याचं मागचं बटण दाबलं आणि पुन्हा हाक मारली. ओ आली नाही.

घोटाळा असा होता. कंपनीच्या घाईतल्या माणसाने वरच्या प्रिंटरमध्ये एक पत्ता हाताने भरून ठेवला होता. नेमका तोच पत्ता आमच्या यंत्रणेने खालच्या प्रिंटरला आपणहून दिलेला होता. दोघांचा पत्ता एकच. जो शेवटी जागा व्हायचा तो "मी इथे आहे" असं सगळ्या कॉम्प्युटरांना सांगायचा, आणि मग जन्म असो की मृत्यू, सगळे कागद त्याच्याकडेच जायचे. दुपारी एखादा झोपून उठला की पुन्हा अदलाबदल. ताईंनी लिहिलेलं शब्दशः खरं होतं.

वायरबाईंनी वरच्याला दुसरा, वेगळा पत्ता दिला. खाली प्लग लावायला सांगितला. पान पाठवलं.

"आलं का?"

"आलं."

"आता मी वरचा बंद करून चालू करते. मग परत पाठवते." थोड्या वेळाने, "आता?"

"इथेच आलं."

काम झालं होतं, पण दोघींनीही फोन ठेवला नाही. शेवटी वरून आवाज आला, "ताई, तू लिहिलेलं बरोबर होतं. मी मनावर घेतलं नाही."

"माहितेय."

"तक्रारीच्या उत्तरात दुरुस्ती करते. वापरकर्त्याची चूक नाही असं लिहिते."

"ते लिहीच. आणि रविवारी घरी ये."

"मी येते की अधूनमधून."

"ते कळतं मला. धुतलेला कप उपडा ठेवतेस. आमच्यात कुणी ठेवत नाही. मी घरी असताना ये म्हणतेय."

शिपायाच्या हातातला जग आता वाकडा झाला होता आणि पाणी जिन्यावर सांडत होतं. मी फडकं आणायला उठलो.

रविवारी वायरबाई नवऱ्याला घेऊन गेल्या. एकटीने जायचा धीर झाला नाही, असं स्वतःच म्हणाल्या. ताईंचं घर बाजाराच्या रस्त्यावर, दुसऱ्या मजल्यावर, खाली न्हाव्याचं दुकान. आई खिडकीशी खुर्चीत बसली होती. दोन्ही मुली एकदम समोर बघून तिला आनंद व्हायला हवा होता. तिने विचारलं, "कुणाला काही झालंय का?"

चहा झाला. हवापाण्याचं बोलून झालं. नवऱ्याने घराच्या रंगाचं कौतुक केलं. ताई म्हणाल्या, रंग जुनाच आहे. मग वायरबाईंना राहवलं नाही.

"ताई, एकच विचारते. मला न सांगता तू आईला का नेलंस? एक फोन केला असतास तर काय बिघडलं असतं?"

ताई आईकडे बघायला लागल्या. आई खिडकीबाहेर.

"आई," ताई म्हणाल्या, "सांग आता."

"काय सांगू?"

"तुला ऐकू आलंय."

आईने पदराशी चाळा केला. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "हिला मीच बोलावलं होतं. शेजारणीच्या फोनवरून. म्हटलं, गाडी घेऊन ये आणि मला घेऊन जा."

"तू?"

"तुझ्याकडे कुणी वाईट नव्हतं गं. जावई तर लाखात एक. पण सकाळी दार लागलं की संध्याकाळपर्यंत माणसाचा आवाज नाही. मी घड्याळाशी बोलायला लागले होते. इथे बघ, खाली दुकानात दिवसभर माणसं येतात, बोलतात, भांडतात. खिडकीत बसलं की सगळं ऐकू येतं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"आणि न सांगितल्याने बरं वाटलं मला?"

"तेव्हा तू हिच्यावर रागावलीस. म्हटलं, चार दिवसांत उतरेल. उतरलाच नाही. मग सांगायचं तरी कधी?"

वायरबाई ताईंकडे वळल्या. "आणि तू? इतकी वर्षं गप्प राहिलीस?"

"आईने सांगू नकोस म्हणून सांगितलं होतं."

"आणि तू ऐकलंस?"

"थोरली आहे ना मी," ताई म्हणाल्या. तक्रारीचा सूर नव्हता. पद सांगावं तसं सांगितलं.

वायरबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि धुतलेले कप परत धुवायला लागल्या. मला म्हणाल्या, "काय करावं तेच सुचेना. एवढा सांभाळलेला राग, आता काढू कुणावर? ताईची चूकच नाही. आईवर काढावा तर ती एवढीशी, फुंकरीने उडेल. नवऱ्यावर काढला असता, पण त्याचा कुठे काय संबंध? मी नळ सोडून नुसती उभी राहिले." ताई मागून आल्या, नळ बंद केला आणि म्हणाल्या, "पाणी एक वेळच येतं इथे." मग दोघी ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. ताईंनी विचारलं, मुलगी कशी आहे. वायरबाईंनी सांगायला सुरुवात केली. भाचीची तीन वर्षं सांगायची राहिली होती, त्याला वेळ लागला.

मध्येच खालून आरडाओरडा ऐकू आला. कुणाची तरी एकाच बाजूची मिशी कापली गेली होती आणि ते गिऱ्हाईक काही केल्या ऐकत नव्हतं. आईने हाक मारली, "दोघी इकडे या लवकर." दोघी गेल्या, खिडकीत तिच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. वायरबाई काही विचारणार एवढ्यात आई म्हणाली, "श्श. ऐकू दे."

नवरा मागे खुर्चीत एकटाच बसला होता. त्याने खिशातून पेन्सिल काढली, पाकिटाची मागची बाजू शोधली आणि तिघींच्या पाठींचं चित्र काढलं. ते मी पाहिलंय. वायरबाईंच्या खोलीत सर्व्हरच्या कपाटाला आतल्या बाजूने चिकटवलेलं आहे. पाठी हुबेहूब आल्यात. आईची खुर्ची जरा वाकडी झालीय.

ताई पुढल्या वर्षी निवृत्त झाल्या. आई त्यांच्याकडेच आहे. वायरबाई दर रविवारी जातात, आणि नवरा केस कापून घ्यायच्या निमित्ताने खाली दुकानात बसतो. आता त्याच्या डोक्यावर कापण्याजोगं फारसं उरलेलं नाही, तरी न्हावी त्याला खुर्ची देतो.